घर जायचंच असेल, तर अख्खं जाऊ दे

धायरी गावठाणात माझ्या आत्याचं सासर. लहानपणी धारेश्वराच्या दर्शनाला गेलो की तिच्याकडे जेवूनच परतायचं, असा रिवाज होता. पाच खणांचं घर. काळ्या दगडाचं जोतं, मातीच्या भिंती, सागवानी खांब, वर मंगळोरी कौलं. काही वर्षांपूर्वी ते पाडायचं ठरलं आणि जेसीबी येण्याआधीच्या आठवड्यात तिथे रोज कुणी ना कुणी येत राहिलं. एकाने दर्शनी दरवाजा चौकटीसकट नेला. तो कुठल्याशा हॉटेलात लागणार होता. दोन कोरीव खांब दुसऱ्याने नेले. तुळया, कड्या आणि पाट जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने घनफुटाच्या भावाने उचलले. जोत्याचे घडीव दगड एका फार्महाऊसच्या कुंपणाला गेले. कौलं गोठ्यासाठी कुणीतरी मागून नेली. राहिली ती माती, तीही शेवटी डंपरमध्ये भरली गेली. आत्या समोरच्या ओट्यावर बसून बघत होती. ती रडली नाही. येईल त्याला फक्त एवढंच विचारत होती, "बाळा, हे कुठं लावणार?"

जुनी घरं उचलून दुसरीकडे उभी करावीत आणि त्यांचं संग्रहालय करावं, असा विषय निघाला की जाणती माणसं मान हलवतात. घर जागेवरून हललं की त्यातला जीव गेला, असं त्यांचं म्हणणं. मीही बरीच वर्षं तेच म्हणत आलो. त्या आठवड्यानंतर मला ते म्हणवत नाही. आपल्याकडची घरं हलतच आहेत. दरवाजा एकीकडे, खांब दुसरीकडे, दगड तिसरीकडे अशी ती सुटी सुटी हलतात, आणि पोचतात तिथे त्यांना नाव नसतं, गाव नसतं. 'हलवावं की नाही' हा प्रश्न बाजाराने आपल्याला न विचारताच निकालात काढला आहे. आपल्या हातात उरलेला प्रश्न वेगळा आहे: घर तुकड्यांनी जाणार की अख्खं, आणि गेलं तर किती लांब? माझं उत्तर असं की जागेवर राखता येईल ते जागेवरच राखावं. पण ज्याचं पाडणं पक्कं झालं आहे, ते मापं घेऊन, खुणा करून अख्खं सोडवावं आणि गावाच्या शिवेच्या आत पुन्हा उभं करावं.

हे होण्याजोगं आहे का? देशावरच्या जुन्या घराची घडण नीट पाहिली तर ते जणू सोडवण्यासाठीच बांधलं आहे असं वाटतं. खांब जमिनीत पुरलेला नसतो. तो दगडी उथाळ्यावर टेकलेला असतो, म्हणजे ओल चढत नाही आणि वाळवीला सोपी वाट मिळत नाही. खांबाच्या माथ्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर मातीचा थर. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून वर लाकडी खुंटी ठोकलेली. लोखंडी खिळ्याचं काम थोडं. घराचा पुष्कळसा भार हा सांगाडा पेलतो, माती मधल्या जागा भरते. आपली भाषाही घर असंच मोजते. चौरस फूट फार उशिरा आले. त्याआधी विचारायचे, किती खणांचं घर? खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. भिंतींनी नव्हे, खांबांनी घर मोजणाऱ्या लोकांना सांगाडा हेच घर वाटत होतं, हे उघड आहे.

आणि तो सांगाडा हलवायची आपल्याला सवयही होती. धरणात गाव जायची वेळ आली तेव्हा माणसं दारं, चौकटी, तुळया बैलगाडीत घालून नव्या जागी घेऊन गेली. भाऊ वेगळे झाले की खणांची वाटणी झाली. उत्तर अमेरिकेत ज्या ओंडक्यांच्या घरांची संग्रहालयं झाली, तीही याच गुणामुळे झाली. ओंडके एकावर एक रचून कोपऱ्यात खाचांनी अडकवायची ती रीत १६३८पासून डेलावेअर नदीच्या खोऱ्यात आलेल्या स्वीडिश आणि फिनिश वसाहतवाल्यांनी नेली. खाच सोडवली की ओंडका मोकळा. आकडा घाला, गाडीत टाका, दुसरीकडे रचा. विटा-सिमेंटच्या बंगल्याचं असं करता येत नाही. तो फोडावाच लागतो.

पुण्यात याचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी 'अज्ञातवासी', यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती, दारं, खिडक्या गोळा केल्या. सुमारे वीस हजार वस्तूंचा तो संसार. कोवळ्या वयात गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. त्याच संग्रहालयात मस्तानी महाल आहे. कोथरूडला बाजीरावाने मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेष केळकरांनी आणले आणि बाजीराव रस्त्यालगतच्या आपल्या वास्तूत पुन्हा बसवले. शहराने जे गमावायचं ठरवलं होतं, ते एका माणसाने उचलून आणलं. कोथरूडात ते लाकूड राहिलं असतं तर आज कुठे असतं, याचा विचार महालाचा तपशील किती अस्सल आहे यावर वाद घालणाऱ्यांनी आधी करावा. कारण लाकूड नाहीसं झालं की वाड्याचं काय उरतं, हे शनिवारवाड्यात रोज दिसतं. १७३० मध्ये पायाभरणी झालेल्या त्या वाड्याला जुन्नरच्या रानातला साग, चिंचवडच्या खाणींतला दगड आणि जेजुरीचा चुना लागला होता. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीनंतर दगड तेवढा राहिला: तट, दरवाजे, जोती. लोक आत जातात, जोत्यांवरून चालतात आणि वाडा कुठे आहे असं विचारतात.

तरीही केळकरांच्या वाटेत एक उणीव होती, आणि ती त्यांची नव्हे, त्या काळाची होती. एकट्या माणसाला महालाचा एक भाग आणता येतो. सोबत घराचं चुलवण, न्हाणी, गोठा, परसातला आड येत नाही. कोरीव ते वाचतं, साधं ते जातं. संग्रहालयांनी सुंदर भाग निवडले आणि बाजारानेही नेमके तेच निवडले. आत्याच्या घराचे दोन कोरीव खांब विकले गेले, पण माजघरातला चुलीच्या धुराने काळा झालेला साधा वासा कुणाला नको होता. माझ्या दृष्टीने त्या घराचा खरा ऐवज तो वासा होता.

अख्खं घर उचलण्याचा विचार युरोपात स्वीडनमध्ये मोठा झाला. आर्तुर हाझेलियस या माणसाने १८९१ मध्ये स्टॉकहोमला स्कान्सेन सुरू केलं. रेल्वे आणि कारखाने खेड्यांतली माणसं ओढून नेत होते, लाकडी घरं ओस पडत होती. त्याने मोरा भागातलं एक शेतकरी घर आणलं, मग एकामागून एक दीडशेच्या आसपास वास्तू आणल्या आणि त्यांत चूल पेटती ठेवली, जनावरं ठेवली. आपल्या देशात याच जातीचं काम चेन्नईजवळ मुट्टुकाडूला 'दक्षिणचित्र'ने केलं, १९९६ पासून. पाडायला काढलेली तमिळनाडू, केरळ, कर्नाटक आणि आंध्रातली घरं विकत घेऊन, सोडवून, जुन्या रीतीच्या कारागिरांकडून ती तिथे पुन्हा बांधली. मणिपालच्या वारसा-ग्रामात विजयनाथ शेणॉय यांनी हेच केलं. महाराष्ट्रात, जिथे खणांचं घर जन्मलं, तिथे असं अख्ख्या घरांचं गाव मला कुठे भेटलेलं नाही.

आता आक्षेपाकडे. तो हलका नाही. १९६४च्या व्हेनिस सनदेचं सातवं कलम सांगतं की वास्तू जिथे उभी आहे ती जागा आणि तिने पाहिलेला इतिहास यांपासून ती तोडता येत नाही. वाचवायला दुसरा मार्गच नसेल किंवा राष्ट्रीय महत्त्वाचं तसंच कारण असेल तेव्हाच हलवावी. मला हे मान्य आहे आणि याचं उदाहरण पुण्यातच आहे. गंज पेठेतला महात्मा फुल्यांचा वाडा. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. तो वाडा उचलून कुठल्याही सुंदर बागेत नेला तर लाकूड वाचेल आणि अर्थ बुडेल, कारण तिथे जे घडलं ते त्या हौदावर, त्या गल्लीत, त्या शेजाऱ्यांसमक्ष घडलं. अशा घराला जागेवरून हात लावायचा नाही. पण सनदेने स्वतःच ठेवलेली फट, दुसरा मार्ग नसेल तेव्हाची, धायरीसारख्या गावासाठीच आहे. १९९७ मध्ये पुण्याची हद्द वाढली, २०१७ मध्ये आणखी अकरा गावं पालिकेत आली, त्यांत उरलेली धायरीही होती. फाट्यापासून गावठाणापर्यंत जमिनीचा भाव असा चढला की जुन्या जोत्यावर घर ठेवणं म्हणजे पोराबाळांच्या ताटातलं काढणं. जी परिस्थिती सनदेने अपवाद मानली, ती आमच्याकडे रोजची झाली आहे.

इथे घरमालकांबद्दल बोललं पाहिजे, कारण वारशाची तळमळ असलेली पुष्कळ माणसं त्यांच्यावर फार सहज दोष टाकतात. पाच खणांच्या घरात तीन भाऊ, मग त्यांची सात मुलं. मिळकत पत्रिकेवर सगळ्यांची नावं. कौल फुटलं तर शाकारणी कुणी करायची यावर चार पावसाळे जातात. तोवर तुळईच्या टोकाला कूज लागते. पेठांतल्या वाड्यांना आणखी एक फास होता, भाडे नियंत्रणाचा. महिन्याला मिळणाऱ्या भाड्यात एक कौल बदलणं परवडत नसे. अशा माणसाला "तुमचं घर म्हणजे ठेवा आहे, पाडू नका" असं सांगायचा अधिकार ज्याच्या स्वतःच्या घरात चोवीस तास पाणी आणि लिफ्ट आहे त्याला नाही. आत्याच्या मुलांनी घर पाडलं ते बरोबरच केलं. तिला गुडघ्यांमुळे माळ्यावर चढता येत नव्हतं, न्हाणी बाहेर होती, पावसाळ्यात झोपताना भांडी मांडावी लागत. त्यांना कुणी येऊन म्हणालं असतं की लाकूड व्यापाऱ्याच्या भावानेच घेतो, पण अख्खं घेतो, आठ दिवस मापं घ्यायला द्या, आणि पाटीवर तुमच्या आजोबांचं नाव लावतो, तर त्यांनी नाही म्हटलं नसतं. तसं म्हणणारं कुणी आलंच नाही. हा दोष घराचा नाही, घरच्यांचाही नाही.

मापं घ्यायला आठ दिवस, असं मी म्हटलं. ते का लागतात, हे केंटकीतल्या एका ओंडक्यांच्या झोपडीवरून कळतं. अब्राहम लिंकनचं जन्मघर म्हणून ती जपली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती सोडवली, प्रदर्शनांतून फिरवली, गोदामांत ठेवली. मधल्या काळात दुसऱ्या एका झोपडीचे ओंडके तीत मिसळले. पुढे तिच्यासाठी ग्रीक मंदिरासारखी भव्य वास्तू उभारली आणि आत मावावी म्हणून झोपडीच लहान केली. लाखो माणसांनी तिला हात जोडले. मग लाकडाची वर्तुळं मोजली गेली, तेव्हा कळलं की लिंकन जन्मला १८०९ मध्ये आणि ही झाडं तोडली गेली त्यानंतर चार दशकांनी. आता तिथलं राष्ट्रीय उद्यान तिला प्रतीकात्मक झोपडी म्हणतं. घर हलवलं, पण कुठलं लाकूड कुठलं, हे कुणी लिहून ठेवलं नाही, म्हणून घर हरवलं. हलवण्याचं काम जेवढं सुताराचं, तेवढंच कारकुनाचं आहे. प्रत्येक तुळईला पितळी बिल्ला, प्रत्येक सांध्याचा फोटो, प्रत्येक दुरुस्तीची तारीख, आणि घरात राहिलेल्या माणसाची साक्ष. यातलं काही राहून गेलं तर आपण घर नव्हे, लाकडाची वखार उभी करतो.

आणि ही वर्तुळांची गोष्ट नुसती अमेरिकेची नाही. सागाच्या खोडातही वर्षागणिक वर्तुळं पडतात. पाऊस चांगला झाला ते वर्ष रुंद, अवर्षणाचं अरुंद. आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत सागाच्या वर्तुळांवरून मागच्या शतकांतल्या पावसाचा अभ्यास झाला आहे. मग जुन्या घराची तुळई ही नुसती तुळई राहत नाही. ती कापली गेली त्याच्या आधीच्या शे-दीडशे पावसाळ्यांची वही तिच्या पोटात असते. हॉटेलाच्या भिंतीवर पॉलिश करून ती लावली की वही मिटली. कुठल्या घरची, कुठल्या शिवारातली, हे पुसलं गेल्यावर ती वाचायची तरी कुणी?

म्हणूनच प्रतिकृतीने काम भागेल हे मला पटत नाही. धायरीच्या शेजारी आंबेगावला बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या कल्पनेतली शिवसृष्टी उभी राहते आहे. तिच्या पहिल्या टप्प्याचं, सरकारवाड्याचं, उद्घाटन १९ फेब्रुवारी २०२३ रोजी झालं. कोल्हापूरजवळ कणेरीच्या मठात बलुतेदार, शेतकरी, बाया-बापड्या यांचे हुबेहूब पुतळे करून अख्खं गाव साकारलं आहे. मी दोन्हीकडे मुलांना नेलं आहे, पुन्हाही नेईन. कणेरीत कुंभाराच्या पुतळ्यासमोर माझी लेक अर्धा तास उभी होती. पण नव्याने घडवलेली वास्तू तिच्या कर्त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढंच सांगू शकते. जुनी वास्तू कर्त्याने कधी मनातही न आणलेल्या प्रश्नांना उत्तर देते. वाशावरच्या काजळीत कुठली लाकडं, कुठल्या गोवऱ्या जळल्या, हे सापडू शकतं. भिंतीच्या मातीत भाताचा कोंडा होता की गव्हाचा, यावरून शेतात काय पिकत होतं ते कळतं. उंबऱ्याची झीज कुठल्या बाजूला जास्त आहे यावरून बायका कुठून ये-जा करत, ते दिसतं. पुढच्या पिढीला काय विचारावंसं वाटेल, हे आपल्याला आज कळत नाही, आणि अस्सल लाकूड ठेवायचं ते नेमकं त्यासाठी.

मात्र अस्सल लाकडाच्या प्रेमात एक मोठा अन्याय दडलेला आहे. तो उघड बोलल्याशिवाय या कामाला हात घालू नये. टिकतं ते सागाचं, आणि साग कुणाच्या घरी होता? पाटलाच्या, कुलकर्ण्याच्या, सावकाराच्या, थोड्याफार खात्यापित्या कुणब्याच्या. महारवाड्यातली, मांगवाड्यातली, रामोश्यांची घरं कुडाची, गवताची, पडक्या भिंतींवर उभी राहिलेली. त्यांतलं लाकूड बाभळीचं, वाकडंतिकडं. दोन पिढ्यांत संपलं. नुसतं जे टिकलं ते आणायचं ठरवलं तर आपल्या संग्रहालयात जे गाव उभं राहील त्यात वेशीबाहेर कुणीच राहत नव्हतं, असं दिसेल. अमेरिकेतल्या कित्येक जुन्या वसाहतींच्या संग्रहालयांनी हीच चूक केली. पहिल्या वसाहतवाल्याची झोपडी मानाने मांडली, आणि ज्यांच्या जमिनीवर ती उभी राहिली त्या मूलनिवाशांचा मागमूस ठेवला नाही. 'पहिला रहिवासी' हा शब्दच फसवा आहे. धायरीत आज दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा, बीड-उस्मानाबादकडून आलेला गवंडीही उद्याच्या हिशेबात पहिल्या काहींपैकी एक असणार आहे.

म्हणून जिथे लाकूड टिकलं नाही तिथे माहितगार माणसं बोलवावीत आणि त्यांच्या हातून नव्याने बांधून घ्यावं, आणि हे नवं आहे असं पाटीवर लिहावं. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाने हीच वाट धरली. श्यामला टेकडीवरच्या मोकळ्या माळावर वेगवेगळ्या समाजांच्या माणसांनी तिथे येऊन स्वतः आपली घरं बांधली, आणि डागडुजीलाही तीच माणसं येतात. जपानात इसे इथलं लाकडी देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर पुन्हा बांधतात. मागची फेरी २०१३ मध्ये झाली. लाकूड दर वेळी नवं, पण हात तरबेज राहतात. १९९४ मध्ये नारा शहरात जमलेल्या तज्ज्ञांनी अस्सलपणा नुसत्या सामग्रीत शोधू नये, परंपरेत आणि कारागिरीतही शोधावा, असं मांडलं, त्यामागे असाच अनुभव होता. आपल्या शाकारणीलाही हेच लागू आहे. मंगळोरी कौलं उतरवून पुन्हा चढवणारी, सारवणासाठी शेणमातीचं प्रमाण डोळ्यांनी ओळखणारी, कुसू जेमतेम बसेल एवढंच तासणारी माणसं धायरी, नऱ्हे, नांदेडच्या पट्ट्यात अजून आहेत. बहुतेक साठी ओलांडलेली. पुन्हा उभ्या केलेल्या घराला दर वर्षी मे महिन्यात हात लागावा लागतो. तोच त्यांच्या शिकवण्याचा वर्ग होऊ शकतो. दुरुस्ती लागणारं घर हे संग्रहालयाचं ओझं आहे असं लोक मानतात. माझ्या मते तोच त्याचा जीव आहे.

आणि अंतर? गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं कुर्डी हे गाव साळावलीच्या धरणात गेलं. मोगूबाई कुर्डीकरांचं ते गाव. तिथलं शेकडो वर्षांचं महादेवाचं दगडी देऊळ मात्र एकेक दगड सोडवून सुमारे १७ किलोमीटरवर धरणाजवळ पुन्हा उभारलं. देऊळ वाचलं, हे फार मोठं काम झालं. घरं मात्र कुणी उचलली नाहीत. दर वर्षी मे महिन्यात पाणी ओसरतं आणि कुर्डीची माणसं, हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही, त्या चिखलात परत येतात, आपापली जोती शोधून त्यांवर उभी राहतात, पूजा आणि प्रार्थना करतात. हलवलेलं सुरेख देऊळ दुसरीकडे आहे, पण पाय वळतात ते जोत्याकडे. याचा अर्थ मी असा घेतो की घराला जागेची ओढ खरी आहे. म्हणून हलवायचं तर इतकं लांब हलवू नये की माणसांना वाट वाकडी करून जावं लागेल. धायरीचं घर मुंबईच्या, नाही तर लोणावळ्याच्या वारसा-ग्रामात नेलं तर ते तिथे 'पश्चिम महाराष्ट्रातलं एक घर' होईल. धायरीतच उभं केलं तर ते अमक्या आजींचं घर राहील, आणि ते सांगायला त्यांची नात येईल.

जागेचं उत्तर सोपं नाही, पण अशक्यही नाही. मोठ्या बांधकाम आराखड्यांतून सुविधा क्षेत्र म्हणून जमीन पालिकेच्या ताब्यात येते. तिच्यावर बाग, शाळा, दवाखाना व्हावा, यात वाद नाही. त्यांच्यापुढे जुन्या घराचा हक्क मी सांगणार नाही. पण बागेतच तीन घरं उभी राहिली तर बाग कमी होत नाही. एक सधन कुणब्याचं, एक बलुतेदाराचं, एक वेशीबाहेरचं, तेही त्यांच्याच नातवंडांनी सांगितल्याप्रमाणे बांधलेलं. त्यांत अभ्यासिका चालावी, उन्हाळ्यात कुरडयांचं वाळवण पडावं, मंगळागौर व्हावी. बंद काचेमागचं घर मला नको आहे. पाडापाडीचा दाखला मागायला माणूस पालिकेत जातो, तेव्हाच त्याला विचारावं: लाकूड विकणार आहात का, अख्खं देता का? त्या एका अर्जात हा एक रकाना यावा, एवढ्यासाठी मी गेली दोन वर्षं बोलतो आहे.

तोवर जे हातात आहे ते करायला लागलो आहे. आत्याचं घर गेलं, पण ते तिच्या डोक्यात पुरं उभं आहे. गेल्या दिवाळीत तिच्या नव्या फ्लॅटमध्ये आम्ही कागद घेऊन बसलो. ती सांगत गेली, मी आखत गेलो. देवडी कुठे, जातं कुठल्या खणात, पाळण्याची कडी कुठल्या तुळईला, सुनेने कुठल्या दाराने यायचं आणि पावण्याने कुठल्या. माजघराची लांबी विचारली तर तिला फुटांत सांगता येईना. मग ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून हॉलच्या एका भिंतीपासून चालायला लागली, पावलं मोजत, चुलीपासून देवघरापर्यंत रोज जायची तशी. सहा, सात, आठ. नवव्या पावलाला समोरची भिंत आली. आत्या थांबली, भिंतीवर हात टेकवला आणि म्हणाली, "अजून दोन पावलं आहेत रे पुढं."